मुदत कोणी ठरवावी? : हिंजवडीच्या सॉफ्टवेअर-व्यवस्थापकांस अनावृत पत्र

हिंजवडी, माण व मारुंजी येथील सॉफ्टवेअर कंपन्यांचे संचालक, डिलिव्हरी मॅनेजर व प्रकल्पप्रमुख यांस,



आपल्या कचेऱ्या ज्या तालुक्यात उभ्या आहेत त्याचे नाव मुळशी आणि त्याचे मुख्य ठाणे पौड, ही गोष्ट आपल्यापैकी कित्येकांच्या ध्यानातही नसेल. कारण वाकडच्या पुलावरून सकाळी हिंजवडीत शिरणाऱ्या आणि रात्री त्याच पुलावरून परतणाऱ्या मनुष्यास तालुका, तहसील, सातबारा यांच्याशी काही कर्तव्य उरत नाही. मी या तालुक्याचा रहिवासी आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आयुष्याचा मोठा भाग घालवून आता निवृत्त झालो आहे, आणि आपल्या कंपन्यांतील तरुण मंडळी आमच्या गावांतून भाड्याच्या खोल्यांत राहत असल्यामुळे त्यांच्या कामाची कैफियत मला वरचेवर ऐकावयास मिळते. ती कैफियत त्यांनी आपल्यापुढे मांडावी हे उचित. पण अप्रेझलच्या भयाने ती मांडली जात नाही, म्हणून हे पत्र मी लिहीत आहे.

दोन आठवड्यांचा स्प्रिंट, रोजचा स्टँड-अप, स्टोरी पॉइंट, बॅकलॉग, रेट्रो हा सगळा सरंजाम आपल्याकडे आता इतका रुळला आहे की कालपरवा रुजू झालेल्या मुलालाही तो समजावून द्यावा लागत नाही. परंतु एका मुदतीत किती काम होईल आणि ते कोणत्या रीतीने करावे हे काम करणाऱ्या गटाने ठरवावयाचे, हा जो या सरंजामाचा आधारस्तंभ, तो मात्र आपण दाराबाहेरच ठेविला. गटाकडे जबाबदारी आली. मुखत्यारी आली नाही. अंतिम तारीख करारनाम्यात गट जमण्यापूर्वीच लिहिलेली असते, कामाची यादी तिच्या मापाने कापलेली असते, आणि मग पंधरा-पंधरा दिवसांच्या हप्त्यांनी तिची वसुली सुरू होते. या वसुलीला आपण ॲजाइल म्हणता, आणि माझा आक्षेप नेमका त्यावर आहे.

ही पद्धती कोणत्या दुखण्यातून निघाली हे पाहिल्यावाचून तिच्यातले मुख्य कोणते आणि गौण कोणते याचा उलगडा होणार नाही. १९७० साली विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याने मोठ्या संगणक-प्रणालींच्या व्यवस्थापनावर एक निबंध लिहिला. आधी गरजांची नोंद, मग आराखडा, मग लेखन, मग चाचणी अशा पायऱ्या एकीखाली एक उतरत जाणारी आकृती त्यात होती, आणि तिलाच पुढे वॉटरफॉल हे नाव पडले. गंमत अशी की त्याच निबंधात रॉइसने ही सरळ उतरण धोक्याची असल्याचे बजावले होते, आणि काम नव्या धर्तीचे असेल तर आधी एक लहान नमुना करून पाहावा, म्हणजे जणू तेच काम दोनदा करावे, असा सल्लाही दिला होता. पण सरकारी खात्यांनी व बड्या कंपन्यांनी आकृती तेवढी उचलली आणि सल्ला दप्तरात बांधून ठेविला. पाच वर्षांनी, १९७५ मध्ये, आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड कामाचा अनुभव गाठीस असलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आपल्या पुस्तकात दाखवून दिले की उशीर झालेल्या प्रकल्पावर ऐनवेळी माणसे वाढविली तर उशीर आणखी वाढतो. त्याचे कारण साधे गणिती आहे: पाच माणसांत परस्परसंबंधांच्या दहा जोड्या पडतात, दहा माणसांत पंचेचाळीस, शिवाय नवख्याला शिकविण्यासाठी जुन्या जाणकारालाच हातातले काम खाली ठेवावे लागते. हे पुस्तक आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेले असेल. तरी रिलीजच्या शेवटच्या महिन्यात बेंचवरची चार माणसे गटात ढकलण्याची वहिवाट हिंजवडीतून गेलेली नाही.

या पार्श्वभूमीवर २००१ च्या फेब्रुवारीत युटा राज्यातील स्नोबर्ड या डोंगरी ठिकाणी सतरा जण एकत्र बसले आणि त्यांनी चार मूल्यांचे व बारा तत्त्वांचे ॲजाइलचे ते सुप्रसिद्ध निवेदन काढले. केंट बेक, वॉर्ड कनिंगहॅम, मार्टिन फाउलर, केन श्वाबर, जेफ सदरलँड ही त्यांतली काही नावे. स्वतः प्रोग्रॅम लिहिण्यात आणि लिहिणाऱ्यांच्या सोबतीने अडचणी सोडविण्यात हयात गेलेली ही मंडळी होती, आणि म्हणूनच त्यांच्या निवेदनात गटाने स्वतःची घडी स्वतः बसवावी, कामाचा वेग अनंत काळ टिकेल असा असावा, धंद्याच्या बाजूच्या माणसांनी आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी रोज एकत्र काम करावे, अशा गोष्टी आल्या. बेक यांची एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग नावाची पद्धती, जी क्रायस्लर या मोटार-कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रणालीवर काम करताना आकारास आली, तिच्या मूळ बारा नियमांत चाळीस तासांचा आठवडा हा एक नियम होता. लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात जादा काम करावे लागले तर दोष योजनेत आहे असे समजावे, हे त्याचे पोटकलम. स्प्रिंट व स्टँड-अप जिच्यातून आले त्या स्क्रम पद्धतीचे मूळ तर आणखी पूर्वेला जाते. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी प्राध्यापकांनी १९८६ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिलेल्या लेखात, रग्बीच्या खेळावरून घेतलेल्या त्या नावासह, ही कल्पना प्रथम दिसते. होंडा कंपनीने शहरी तरुणांसाठी नवी मोटार काढण्याचे काम सरासरी २७ वर्षे वयाच्या अभियंत्यांवर सोपविले, उद्दिष्ट सांगितले आणि वरिष्ठ बाजूला झाले, ही त्या लेखातली हकीकत. वरिष्ठ बाजूला झाले, हे मी मुद्दाम पुन्हा लिहितो. टोयोटाच्या कारखान्यात तर दोष दिसताच साध्या कामगारानेही दोरी ओढून चालू साखळी थांबवावी असा दंडक होता. पिंपरी-चिंचवडच्या मोटार-उद्योगात कायझन आणि कानबान हे शब्द घरचे झाले आहेत. पण ती दोरी तेथून हिंजवडीपर्यंतचे अंतर चालून आलेली दिसत नाही.

आपल्याकडे ही पद्धती आली ती वेगळ्या वाटेने, आणि त्यात आपला दोष संपूर्ण आहे असेही मी म्हणत नाही. १९९० नंतरच्या काळात परदेशी ग्राहकाचा विश्वास संपादन करावयाचा तर हाती काही सनद असणे आवश्यक होते, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने ठरविलेल्या परिपक्वतेच्या पाच पातळ्यांत ती सनद भारतीय कंपन्यांना सापडली. पाचव्या पातळीचे प्रमाणपत्र मिळविणाऱ्या जगातील कंपन्यांत भारतीय कंपन्यांचा मोठा वाटा होता, आणि ते यश खोटे नव्हते. नोंदी ठेवण्याची, तपासणीची, दोष मोजण्याची शिस्त त्यातून लागली. परंतु त्याच काळात एक सवयही जडली. कार्यपद्धती म्हणजे बाहेरच्या परीक्षकाला दाखवावयाचे दस्तऐवज, ही ती सवय. पुढे ग्राहक ॲजाइलची मागणी करू लागले तेव्हा त्याच सवयीने आपण दोन दिवसांच्या वर्गाला माणसे पाठवून स्क्रम मास्टरची प्रमाणपत्रे आणविली, भिंतींवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या, जिरा हे सॉफ्टवेअर विकत घेतले, आणि कालचा प्रोजेक्ट लीड त्याच खुर्चीत, त्याच अधिकारांनिशी आणि त्याच धास्तीनिशी आज स्क्रम मास्टर म्हणून बसला.

रोजच्या स्टँड-अपचे पाहा. एकाच कामाला लागलेल्या पाच-सात जणांनी दिवसाच्या आरंभी पंधरा मिनिटे उभ्याउभ्या बोलून घ्यावे, कोणाचे काम कोणामुळे अडले आहे ते उघड व्हावे, आणि त्यावरून त्या दिवसाची जुळवाजुळव गटाने आपसात करावी, एवढाच त्याचा हेतू. काल काय केले, आज काय करणार, अडचण कोणती, ही तीन उत्तरे प्रत्येकाने द्यावीत असे स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत पूर्वी सुचविलेले असे. २०२० च्या आवृत्तीत ते प्रश्न काढून टाकण्यात आले. आपल्याकडे ते अद्याप चालू आहेत, एवढेच नव्हे तर त्यांची उत्तरे गटाला उद्देशून न देता मॅनेजरकडे तोंड करून दिली जातात, आणि जो तो आपली पाळी येईपर्यंत मनातल्या मनात आपला जबाब जुळवीत बसतो, शेजाऱ्याचे बोलणे त्याच्या कानावरून जाते. ही हजेरी झाली. तिला गैरहजर राहिल्याचा जाब विचारला जातो. पण तिच्यातून कोणाची अडचण दूर झाली, हे विचारले जात नाही.

त्यात वेळेचा प्रश्न. न्यूयॉर्कमधील सकाळचे साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडील रात्रीचे आठ. ग्राहकाच्या सोयीने स्टँड-अप त्या वेळी ठेविला की दिवसाची आखणी करण्यासाठी असलेली भेट दिवस संपल्यावर भरते, आणि संपलेल्या दिवसाची आखणी करता येत नसल्यामुळे तिचा अहवाल होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दोष माणसांच्या वृत्तीत शोधण्यापूर्वी घड्याळाकडे पाहावे. ज्या स्त्रीला सात वाजता पाळणाघरातून मूल आणावयाचे आहे ती आठच्या भेटीत कानाला यंत्र लावून स्वयंपाकघरातून बोलते, तिच्या आवाजामागे कुकरची शिटी ऐकू येते, आणि वर्षअखेरीस तिच्याविषयी ‘सहभाग कमी’ असा शेरा पडतो. असले शेरे मी पाहिले आहेत, आणि ते लिहिणारी माणसे दुष्ट नव्हती.

परंतु सर्वांत मोठी हानी होते ती अंदाजाच्या बाबतीत, म्हणून तेथे थोडे अधिक थांबतो. २००२ साली जेम्स ग्रेनिंग यांनी अंदाज बांधण्याची एक युक्ती सुचविली: प्रत्येकाच्या हाती आकडे लिहिलेले पत्ते असावेत (आज ते बहुधा १, २, ३, ५, ८, १३ असे असतात), कामाचे वर्णन ऐकून प्रत्येकाने आपला पत्ता पालथा ठेवावा, आणि मग सर्वांनी तो एकाच वेळी उलटावा. एकाच वेळी, यात सगळे मर्म आहे. ज्येष्ठाने आधी ‘तीन’ म्हटले की कनिष्ठाच्या तोंडून ‘आठ’ निघणे जगात कोठेही कठीणच, आणि जेथे शाळेपासून ‘सर सांगतील ते’ असे शिकविले जाते तेथे तर अशक्यप्राय. समजा, एखाद्या बँकेच्या कर्ज-अर्जात जन्मतारखेच्या रकान्यापुढे सहअर्जदाराची जन्मतारीख घालावयाची आहे. डेव्हलपर म्हणतो तीन, कारण त्याला पडद्यावरचा एक रकाना दिसतो. टेस्टर मुलगी दाखविते तेरा, कारण तिला ठाऊक असते की वयावरून व्याजदर ठरतो, व्याजदरावरून हप्ता, हप्त्यावरून रात्री निघणारी तीन विवरणे, आणि त्यांतले एक विवरण दुसऱ्याच खात्याकडे जाते. तीन आणि तेरा यांच्यामधील जो संवाद, त्याच्यासाठी हा सारा खटाटोप असतो. आकडा हे त्याचे निमित्त. आता याच बैठकीत मॅनेजर बसलेला असला आणि ‘ग्राहकाला आपण पाच सांगितले आहेत’ असे त्याने म्हटले की टेस्टर मुलगी गप्प बसते, सर्वांचे पत्ते पाचवर येतात, आणि ती तीन विवरणे रिलीजच्या आदल्या रात्री उगवतात. त्या रात्री सगळे जागतात आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर सर्वांना पिझ्झा मागवितो, हेही खरे. पण पिझ्झ्याने विवरणे सुधारत नाहीत.

अंदाज म्हणजे वचन नव्हे, ही गोष्ट स्क्रमच्या मार्गदर्शिकेच्या कर्त्यांनाही उशिराच स्पष्ट करावी लागली. स्प्रिंटच्या कामाविषयी पूर्वी ‘वचनबद्धता’ असा शब्द होता, तो काढून २०११ मध्ये ‘अंदाज’ हा शब्द त्यांनी घातला. तरी आपल्या प्रकल्पांतून स्टोरी पॉइंटांची बेरीज करून तिला व्हेलॉसिटी म्हणावयाचे, या गटाची चाळीस आणि त्या गटाची साठ असा तक्ता संचालकांपुढे मांडावयाचा, आणि पुढील तिमाहीत वीस टक्के वाढीची ताकीद द्यावयाची, हा प्रकार सर्रास चालतो. मग वाढ होतेच. काल जे काम पाच पॉइंटांचे होते ते आज आठांचे होते, तक्ता वर चढतो, आणि प्रोग्रॅमच्या पोटात ढकललेल्या तडजोडी, ज्यांना आपल्या भाषेत टेक्निकल डेट म्हणतात, त्या कर्जाप्रमाणे व्याजासह साचत राहतात. स्टोरी पॉइंटच्या कल्पनेचे जनकत्व ज्यांच्याकडे जाते त्या रॉन जेफ्रीज यांनीच पुढे तिच्या या दुरुपयोगाबद्दल खेद व्यक्त केला आहे. त्यांचा खेद आपल्या तक्त्यांपर्यंत पोहोचलेला नाही.

आता मी आपल्याला या तालुक्याच्या पश्चिमेस, ताम्हिणीच्या अलीकडच्या भातखाचरांकडे नेतो. आषाढात लावणीच्या दिवसांत तेथे सावडीने काम करण्याची जुनी रीत आहे: पाच-सहा घरांनी मिळून एकाची लावणी उरकावयाची, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. कोणाचे खाचर आधी घ्यावयाचे हे मानपानाने ठरत नाही. ज्याच्या खाचरात पाणी साचले आणि ज्याचा तरवा, म्हणजे भाताची रोपे, लावणीजोगा झाला त्याचे काम आधी. आज कोठपर्यंत उरकेल हे बांधावर छत्री घेऊन उभा राहिलेला मनुष्य ठरवीत नाही, चिखलात उतरलेली माणसे पाऊस, पाणी आणि हात पाहून सांगतात. कोणी किती मुठी लावल्या याची मोजदाद कोणी करीत नाही. हिशेब राहतो तो घराघरांमधला, दिवसाला दिवस, आणि तो कागदावाचून वर्षानुवर्षे चालतो. म्हाताऱ्याचा हात हळू चालतो हे सर्वांना ठाऊक असते, तसेच तरवा उपटावा कसा आणि ओळ धरावी कशी हे पोरांना तोच शिकवितो, हेही ठाऊक असते. सावडीचे मी कौतुकच तेवढे करीत बसणार नाही. तिच्यात रुसवेफुगवे होते, सर्वांना तिच्यात सारखे स्थान होते असेही नाही, आणि आता मजुरीने माणसे लावण्याकडे कल वाढून ती मागे पडत चालली आहे. शिवाय सावडीतले भात शेवटी लावणाऱ्यांच्याच घरी येते, आपल्या डेव्हलपरचे पीक मात्र सातासमुद्रांपलीकडे जाते. पण म्हणूनच तर जो अधिकार तेथे मालकीपोटी आपोआप मिळतो तो येथे आपण बुद्धिपुरस्सर द्यावयास हवा.

या तालुक्यातली पुष्कळशी खाचरे पूर्वीच टाटांच्या धरणाखाली गेली. १९२१ च्या रामनवमीस मुळशीत जो सत्याग्रह सुरू झाला आणि ज्याने पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले, त्याच्या मुळाशी अनेक कारणे होती. त्यांतले एक असे की ज्यांची शेते बुडावयाची त्यांना आधी विचारण्यात आले नव्हते. जमीन गमावणाऱ्या मावळ्याचे दुःख आणि पगारदाराची गैरसोय एका तराजूत घालण्याचा अविचार मी करणार नाही. एवढेच म्हणतो की जे काम करणार, ज्यांच्यावर त्याचा भार पडणार, त्यांना आधी विचारावे, ही मागणी या मातीत नवी नाही.

गटाचा गौरव आणि व्यक्तीची वर्गवारी या दोन गोष्टी एकाच छपराखाली नांदत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. वर्षभर आपण गट, गट म्हणता; आणि वर्षअखेरीस त्याच गटातील दहा जणांना घंटेच्या आकाराच्या आलेखावर बसवून अमुक एक उत्तम, अमुक इतके मध्यम आणि अमुक एक निकृष्ट ठरलाच पाहिजे असा हुकूम काढता. ज्याला हे ठाऊक आहे तो दुपारी आपले काम बाजूस ठेवून नव्या मुलाचा कोड रिव्ह्यू मन लावून का करील? त्या मुलाचा बग सापडला तर श्रेय मुलाला, आणि आपला कोड मागे राहिला तर दोष आपल्याला. दोघांनी एका यंत्रापुढे बसून लिहावयाचे, जे पेअर प्रोग्रॅमिंग नवख्याला शिकविण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे, त्याला तर ‘एका कामाचे दोन पगार’ असे म्हणून बिलिंगच्या कारणास्तव नकार मिळतो. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची वर्गवारी २०१३ साली बंद केली. तिच्यामुळे उत्तम माणसे उत्तम माणसांबरोबर काम करण्याचे टाळतात, हा तिच्यावरचा जुना आक्षेप होता. आपल्याकडेही काहींनी ती सोडली आहे, पण नाव सोडून रीत ठेवलेली असते असे मुले सांगतात.

रेट्रोविषयी फार लिहीत नाही. ज्या बैठकीत काय चुकले हे मोकळेपणाने बोलावयाचे तिच्यात पगारवाढीची शिफारस करणारा मनुष्य वही उघडून बसला असता काय बोलले जाईल हे सांगावयास नको: ‘संवाद सुधारला पाहिजे’, ‘दस्तऐवज वेळेवर व्हावेत’ आणि ‘टीमने छान काम केले’. पुढल्या पंधरवड्यात हीच तीन वाक्ये.

आपली बाजू मला ठाऊक नाही असे नाही, कारण मीही काही काळ त्या बाजूस बसलो आहे. ठरलेल्या किमतीत, ठरलेल्या तारखेस, ठरलेले सर्व काम देऊ असा करार विक्री खात्याने परस्पर केलेला असतो; मॅनेजरच्या हाती त्यातले काहीच नसते, आणि वरून आलेला तगादा खाली पोहोचविणे एवढेच त्याच्या वाट्यास येते. शिवाय गटाला पूर्ण मोकळीक दिली तर काम कधीच संपणार नाही ही भीतीही निराधार म्हणता येत नाही. तशी मोकळीक मिळताच तीन महिने निव्वळ चौकट उभारीत बसलेले गट मीही पाहिले आहेत. आणि प्रत्येक काम ॲजाइल रीतीने करावे असा माझा हट्ट नाही. विमानाच्या नियंत्रणाचा प्रोग्रॅम असो, शस्त्रक्रियेच्या उपकरणाचा असो, किंवा बँकेची जुनी खाती एका रात्रीत नव्या प्रणालीत न्यावयाची असोत, तेथे आधीचा बारकाईचा आराखडा आणि कागदोपत्री पुरावा ही चैन ठरत नाही. स्नोबर्डच्या त्या सतरा जणांनीही कागदपत्रे व योजना निरुपयोगी आहेत असे कोठे म्हटलेले नाही. तशा कामात वॉटरफॉलच वापरा, आणि तसे प्रामाणिकपणे सांगा. मुलांना त्याचे दुःख होणार नाही. त्यांना दुःख होते ते एकाच प्रकल्पात दोन्हींचे जाच सोसावे लागल्याचे: आराखडा वॉटरफॉलसारखा गोठलेला, आणि तपासणी मात्र ॲजाइलसारखी रोजची.

करार बदलता येत नाही हे म्हणणेही मला अर्धेच पटते. किंमत आणि तारीख कायम ठेवून कामाची व्याप्ती मोकळी ठेवावयाची, दर पंधरवड्यास तयार झालेला भाग ग्राहकाला चालवून दाखवावयाचा, आणि पुढे कशास अग्रक्रम द्यावा हे त्याला तेव्हा ठरवू द्यावयाचे, असे कलम करारनाम्यात घालणे अशक्य नाही. ग्राहकाला समजावून देण्याचे धैर्य मात्र लागते. ज्याला आपल्या यादीतले शेवटचे दहा विषय कधीच लागत नाहीत असे सहा महिन्यांनी कळते तो ग्राहक त्या दहांचे पैसे वाचल्याबद्दल नाराज होत नाही.

म्हणून माझी विनंती फार मोठी नाही. येत्या तिमाहीत आपल्या कंपनीतील निदान एका गटाला ही मुखत्यारी खरोखरीची देऊन पाहा. त्या गटाने पत्ते उलटून जो आकडा सांगितला तो खाली आणण्याचा अधिकार कोणालाही ठेवू नका. तारीख गाठावयाची असेल तर काम कमी करा, आकडा कमी करू नका. त्या गटाचा स्टँड-अप सकाळी आपल्या वेळेस होऊ द्या, आणि ग्राहकाशी बोलणे हवे असेल तर ते वेगळ्या वेळी, एक आठवडा आपल्या सोयीने तर एक आठवडा त्याच्या सोयीने ठेवा. व्हेलॉसिटीचा तक्ता गटाबाहेर जाऊ देऊ नका. रेट्रोत आपण बसू नका, परंतु तीत निघालेली एक तरी गोष्ट पुढील स्प्रिंट संपण्यापूर्वी अमलात आणून दाखवा. आणि त्या वर्षाची पगारवाढ त्या गटाला गट म्हणून द्या. यात तोटा झाला तर तो एका गटापुरता आणि एका तिमाहीपुरता होईल, आणि तो किती झाला हे आपल्या हिशेबनिसाला काढता येईल. काय घडले ते मात्र आपण जाहीरपणे लिहावे, विरुद्ध गेले तरीही लिहावे. उत्तराची मी वाट पाहीन.

आपला,
मुळशी तालुक्यातील एक निवृत्त सॉफ्टवेअर-अभियंता